सोळा इंचांचा बाक, अकरा इंचांचे पाय

प्रति,
मा. मुख्याधिकारी आणि मा. प्रशासन अधिकारी (शिक्षण),
नगरपरिषद कार्यालय.

विषय : इयत्ता पहिली व दुसरीच्या वर्गांतील बैठकव्यवस्थेचा आदेश मागे घेण्याबाबत.

महोदय,

मी व्यवसायाने सुतार आहे. गावात माझे फर्निचरचे लहानसे वर्कशॉप आहे, माझा धाकटा मुलगा नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळेत दुसरीत शिकतो आणि गेली दोन वर्षे मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा पालक-सदस्य आहे. शाळेचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. आपला आदेश सगळ्याच शाळांना लागू आहे आणि नाव लिहिले की सगळा रोख एका वर्गशिक्षिकेवर जाईल. समितीतर्फे आम्ही आपल्याला दोन पत्रे दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही मिळाले नाही, म्हणून हे तिसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्या त्याच आठवड्यात आपला आदेश आला. पहिली ते चौथीच्या सर्व वर्गांत नवीन ड्युअल डेस्क (दोघांनी बसायचे, बाक जोडलेले डेस्क) फळ्याकडे तोंड करून रांगेत लावावेत, वर्गातील सतरंज्या, पाट, बुटकी टेबले व ‘इतर किरकोळ साहित्य’ कोठारात जमा करावे, आणि भेटीच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी आपापल्या जागी बसलेला असावा, असे त्यात म्हटले आहे. आदेश पाच ओळींचा आहे. पण त्यातल्या ‘इतर किरकोळ साहित्य’ या तीन शब्दांत काय काय उचलले गेले, ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले असेल असे वाटत नाही, म्हणून ते आधी सांगतो.

बाईंचा वर्ग वीस फूट बाय वीस फुटांचा आहे आणि पट ३६. गेल्या वर्षी पहिलीला असताना याच मुलांच्या या खोलीत एका कोपऱ्यात सतरंजी होती, तिच्यावर सहा चौरंग. मधोमध चार बुटकी टेबले, ज्यांच्याभोवती मुले पाटावर मांडी घालून बसत. मागच्या भिंतीला पाच जुने बाक होते, कारण काही मुलांना बाकच आवडतो आणि आवडू द्यावा. स्कूटरचे सहा जुने टायर होते, खाटेच्या पट्टीने मधून विणलेले. त्यावर बसले की थोडे खाली दबते, थोडे डोलता येते. आणि खिडकीखाली भिंतीला ठोकलेली नऊ इंच रुंदीची एक लांब फळी होती, जिच्याशी पाच-सहा मुले उभी राहून लिहू शकत. चौरंग, टेबले आणि फळी मी वर्कशॉपमधल्या उरलेल्या प्लायमधून करून दिली होती, टायर पालकांनी आणले होते. नगरपरिषदेचा एक रुपयाही त्यात गेला नव्हता.

‘कुठेही बसा’ म्हटले म्हणजे वर्गाचा बाजार होतो, अशी समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात बाईंचे तीन नियम होते आणि ते मुलांना तोंडपाठ होते : बसाल तिथून फळा आणि बाई दिसल्या पाहिजेत, शेजाऱ्याला धक्का लागता कामा नये, आणि घेतलेल्या जागी काम होत नसेल तर बाई जागा बदलतील व त्यावर वाद नाही. पहिले दोन आठवडे टायरसाठी रोज भांडणे झाली. तिसऱ्या आठवड्यात वारांप्रमाणे पाळ्या ठरल्या आणि भांडणे संपली.

माझ्या मुलाच्या पायाला भिंगरी आहे. घरी जेवतानासुद्धा तो ताटाभोवती निम्मी प्रदक्षिणा घालतो. बालवाडीत याचे कोणाला काही वाटले नाही, पण पहिलीत गेल्यावर त्याचे वाचन अडले. अक्षरे ओळखायची, पण ओळ पुरी व्हायची नाही. जुलैअखेर बाईंनी मला मधल्या सुट्टीनंतर बोलावून घेतले आणि दाराबाहेरून बघायला सांगितले. तो त्या फळीशी उभा होता. एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवीत, अधूनमधून टाचा उचलीत, बोट ओळीखाली ठेवून तो वाचत होता, आणि ओळ संपवून त्याने बोट खालच्या ओळीवर नेले. बाई म्हणाल्या, “याला बसवले की याचे सगळे लक्ष बसण्यातच जाते.” एवढे एक वाक्य मला त्या वर्षात शाळेकडून मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

आता आपल्या डेस्कविषयी. माझ्या धंद्यातले बोलतो, त्यामुळे थोडे लांबेल. बसायची कोणतीही वस्तू करताना पहिले माप घ्यायचे ते टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे, कारण तेवढ्याच उंचीवर बैठक असली तर पाय जमिनीला टेकतात. समितीच्या परवानगीने मी दुसरीतल्या सर्व ३६ मुलांचे हे माप टेपने घेतले. सर्वांत कमी साडेदहा इंच, सर्वांत जास्त तेरा, बहुतेकांचे अकराच्या आसपास. आपण पुरवलेल्या डेस्कची बैठक सोळा इंचांवर आहे. म्हणजे बहुतेक मुलांचे पाय जमिनीपासून पाच इंच वर लोंबकळतात. पाय लोंबकळले की बाकाची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, मूल पुढे सरकत कडेवर येते, पाठीचा टेकू सुटतो, आणि मग ते एक तर डेस्कवर आडवे होते किंवा पाय खालच्या लोखंडी पाइपला गुंडाळून स्वतःला सावरते. बाहेरून बघणाऱ्याला याला चुळबुळ म्हणणे सोपे असते. बाक आणि डेस्क एकाच पाइपने जोडलेले असल्यामुळे पुढे-मागे सरकवून घेण्याचीही सोय नाही.

लिहिण्याची फळी सत्तावीस इंचांवर आहे. बसलेल्या मुलाच्या कोपरापेक्षा ती साधारण साडेचार इंच वर येते, त्यामुळे लिहिताना खांदे कानांना भिडतात आणि पाचव्या ओळीला हात दुखतो. गंमत अशी, की सत्तावीस इंच ही उंची दुसरीतल्या उभ्या मुलाच्या कोपराला जवळजवळ बरोबर लागते. मी खिडकीखालची फळी नेमकी तेवढ्याच उंचीवर ठोकली होती. म्हणजे आपला नवा डेस्क या वयाच्या मुलाने उभे राहून वापरला तर ठीक, बसून वापरला तर चुकीचा आहे. माझ्या मुलाने हे कोणी न सांगता शोधून काढले आणि तो डेस्कशी उभा राहून लिहू लागला.

त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी “बसता येत नाही का, मग हात वर करून उभा राहा” असे म्हणून त्याला मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीशी उभे केले. त्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा अशी माझी मागणी नाही. पण शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि सात वर्षांच्या मुलाने उभे राहून शुद्धलेखन करणे हा काही गुन्हा नाही, एवढे आपल्या विभागाने लेखी कळवावे असे मला वाटते.

आमची दुसरी तक्रार अशी, की या निर्णयात आम्हाला कोणी विचारले नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. आमच्या आराखड्यात आम्ही पहिली-दुसरीसाठी हलकी, एका मुलाला उचलता येईल अशी टेबले मागितली होती. आराखडा आपल्या कार्यालयात आहे, त्यावर शिक्का आहे. डेस्क मात्र एकाच मापाचे, पहिलीपासून सातवीपर्यंत सरसकट आले. सातवीच्या मुलांना ते बरे बसतात आणि नेमके सातवीलाच कमी पडले आहेत. तिथे एका डेस्कवर तिघे बसतात.

तिसरी तक्रार जमिनीची आहे. अठरा डेस्क लावल्यावर त्या खोलीत दीड फुटाच्या दोन वाटा सोडल्या तर जमीन उरलेली नाही. बाई तरुणपणी साताऱ्याजवळच्या कुमठे बीटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाला, भेट देऊन आल्या होत्या. त्या काळात राज्यभरातले शिक्षक तिथल्या जिल्हा परिषद शाळांचे ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकते असे, वर्ग बघायला गाड्या करून जात, आणि परत येऊन आपल्या वर्गाच्या फरशीवर अक्षरे, आकडे, नकाशे रंगवीत. बाईंनीही वर्गात एक ते शंभरचा चौकोनी तक्ता ऑइलपेंटने रंगवून घेतला होता. मुले त्यावर उड्या मारून बेरीज-वजाबाकी करीत : चौतिसावर उभा राहा, दहा पुढे जा, म्हणजे एक घर खाली. आता चौतिसावर डेस्कचा पाय आहे. तो हलवायला दोन मोठी माणसे लागतात, त्यामुळे तो हलत नाही. मुलांना लिहिण्यासाठी भिंतीवर खालच्या बाजूला केलेल्या तळफळ्यांपर्यंतही त्यांना पोहोचता येत नाही.

या बाकांच्या बाजूने जे बोलले जाते ते मी मनापासून समजू शकतो, आणि येथे एक कबुली द्यायला हवी. तीन वर्षांपूर्वी ‘आमच्या मुलांना बाक द्या’ या निवेदनावर माझीही सही आहे. मी स्वतः याच नगरपरिषदेच्या शाळेत, घरून नेलेल्या पोत्याच्या बसकरावर बसून चौथीपर्यंत शिकलो. पावसाळ्यात फरशीला ओल यायची, चड्डी मागून दमट व्हायची, आणि समोरच्या खासगी शाळेतली मुले बाकावर बसतात हे खिडकीतून दिसायचे. जमिनीवर बसणे हे आमच्या पिढीला गरिबीचे लक्षण वाटत आले. त्यामुळे ‘आमची मुले काय जन्मभर खालीच बसायची?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर म्हणून आपण डेस्क दिले, यात आपला हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की आम्ही मान मागितला होता आणि मिळाला एकच साचा. जाड सतरंजी, खाली रबरी मॅट, स्वच्छ पाट, मुलाच्या मापाचे टेबल आणि ज्याला हवा त्याला बाक, असे सगळे असणारा वर्ग गरीब दिसत नाही. शहरातल्या महागड्या पूर्वप्राथमिक शाळांच्या माहितीपत्रकांतले फोटो पाहा. तिथे मुले गालिच्यावर लोळताना दाखवतात आणि त्याचीच फी घेतात.

ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेलीही नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला ज्या शाळा त्यांनी चालवल्या, त्यांत मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, आणि मूल गुरे घेऊन रानात जात असेल तर शाळेने कुरणात जायचे, अशी रीत होती. अंगणवाडी हा शब्द त्याच कामातून आला. त्यांच्याही आधी, १९०७ मध्ये माँटेसरीबाईंनी रोममधल्या आपल्या लहान मुलांच्या शाळेत जड बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले-खुर्च्या करून घेतल्या होत्या. ज्या राज्यात शाळा कुरणापर्यंत गेली, तिथे मुलाला खिडकीपर्यंत जायला हरकत असू नये.

शासनाचे धोरणही आपल्या आदेशाच्या बाजूने नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय एकच पायाभूत स्तर मानले आहे आणि पहिली-दुसरी त्यात बालवाडीबरोबर ठेवली आहे, चौथीबरोबर नव्हे. या स्तरावर शिकणे खेळातून आणि कृतीतून व्हावे असे त्यात स्पष्ट आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्येही कृती, शोध आणि बालककेंद्री पद्धत यांचा उल्लेख आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटे चांगली दमवणारी हालचाल करावी आणि बैठा वेळ मर्यादित ठेवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. आमच्या शाळेचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे असते, तेव्हा जी काही हालचाल व्हायची ती वर्गातच.

येथे मला अतिशयोक्ती करायची नाही. टायरवर बसले की गुण वाढतात असा माझा दावा नाही. चेंडूंवर किंवा डोलत्या स्टुलांवर मुलांना बसवून केलेले परदेशातले प्रयोग बऱ्याचदा लहान गटांवर झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांना अतिचंचलतेची अडचण होती, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात, ती मुले जास्त हलत तेव्हा लक्षात ठेवण्याचे काम त्यांना अधिक चांगले जमे. इतर मुलांचे उलट होते, ती जास्त हलली की त्यांचे काम बिघडे. म्हणजे सगळ्यांना हलते ठेवणे हाही उपाय नव्हे आणि सगळ्यांना जखडणे हाही नव्हे. कोणाला काय लागते ते वर्गात उभ्या असलेल्या बाईंना दिसते, कार्यालयातून दिसत नाही. माझ्या मुलाला कसलेही निदान नाही, कसलेही प्रमाणपत्र नाही, आणि उभे राहून लिहिण्यासाठी ते लागू नये.

ऑगस्टमध्ये समितीच्या वतीने मी आणि आणखी एक माता-पालक सकाळच्या सत्रात एक तास मागे बसून होतो. त्या तासात अकरा मुलांनी पाणी प्यायला किंवा लघवीला जाण्याची परवानगी मागितली. एका मुलीची पेन्सिल सात वेळा खाली पडली. चौथ्यांदा पडली तेव्हा माझ्या लक्षात आले, की ती मुलगी पेन्सिल उचलायला म्हणून बाकाखाली जाते आणि तिथे फरशीवर जरा वेळ बसून घेते. बाई तो तास अर्धा शिकवण्यात आणि अर्धा ‘खाली बस, नीट बस’ म्हणण्यात घालवीत होत्या. गेल्या वर्षी हे वाक्य त्या खोलीत मी क्वचित ऐकले होते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

जूनचा आदेश पहिली आणि दुसरीच्या वर्गांपुरता लेखी मागे घ्यावा. तिसरी-चौथीबाबत शाळांना मोकळीक द्यावी.

पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात हवे तर चार-पाच डेस्क ठेवून बाकीचे पाचवी ते सातवीला द्यावेत. नवीन खरेदीची गरज निम्म्याने कमी होईल.

कोठारात जमा केलेले सर्व साहित्य दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गांत परत यावे. सतरंज्यांना उंदीर लागले आहेत. दोन तर वाया गेल्याच आहेत, त्या नव्या द्याव्यात.

यापुढे लहान वर्गांसाठी काहीही खरेदी करताना आधी मुलांची मापे घ्यावीत, किमान दोन उंचींचे साहित्य घ्यावे, आणि ते सात वर्षांच्या दोन मुलांना मिळून उचलता आले पाहिजे अशी अट निविदेत घालावी. मापे घेण्याचे आणि नमुना काढून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. या निविदेत मी किंवा माझ्या घरातले कोणीही उतरणार नाही, हे आत्ताच लिहून देतो, म्हणजे सुताराला काम हवे आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

शाळाभेटीच्या नमुन्यात ‘विद्यार्थी रांगेत व जागेवर बसलेले’ या रकान्याऐवजी मुले कामात आहेत का, हे पाहावे. आणि वर्गातली बसण्याची सोय मुलांनुसार बदलल्याबद्दल कोणत्याही शिक्षिकेला खुलासा मागवला जाणार नाही, असे परिपत्रकाद्वारे कळवावे. आमच्या बाईंना असा एक खुलासा आधीच मागवला गेला आहे. तो रद्द करावा.

समितीची पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर दुसरीच्या वर्गात आहे. आपल्यापैकी कोणी आलात तर आम्हाला आनंद होईल. कोठाराची किल्ली शिपायाकडे असते. आदेश निघाला तर साहित्य वर्गात न्यायला हमाल लावावे लागणार नाहीत, पालक येऊन नेतील. खिडकीखालची फळी पुन्हा ठोकायला मला अर्धा तास पुरेल, भिंतीतली जुनी भोके अजून आहेत.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक-सदस्य